ग्रेनाशच्या वाईनला गावाचं नाव मिळवून देणारा घरजावई बॅरन, ज्याच्या सहा नियमांचा धागा सांगलीच्या बेदाण्यापर्यंत येतो

जुलैच्या भर पावसात पुण्यातल्या एका दुकानात मला ताजी महाबळेश्वर स्ट्रॉबेरी मिळाली होती. बॉक्सवर डोंगराचं चित्र आणि खाली ठसठशीत अक्षरात महाबळेश्वर. आता सातारा जिल्ह्यातलं लहान पोरही सांगेल, की स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडी-उन्हाळ्यातला. जुलैत महाबळेश्वरात नुसता पाऊस पिकतो.

मग त्या बॉक्समधली फळं कुठली? कुठली का असेनात, नाव महाबळेश्वरचं विकलं गेलं होतं आणि पैसेही त्याच नावाचे घेतले होते.

सांगलीत हाच विषय बेदाण्याचा आहे. जत, कवठेमहांकाळ, तासगाव, मिरज या पट्ट्यात शेडमध्ये वाळवलेला बेदाणा तासगाव आणि सांगलीच्या सौद्यात येतो, तिथून देशभर जातो. परदेशातला स्वस्त माल आणून तो सांगलीचा म्हणून खपवला जातो, ही द्राक्ष उत्पादकांची तक्रार आहे. फटका कुणाला बसतो? ज्यानं एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, औषधं, मजुरी सगळं उधारीवर केलंय त्याला.

तर गावाच्या नावावर हक्क कुणाचा, आणि तो मिळवायचा कसा, या भांडणाचा सगळ्यात गाजलेला खटला फ्रान्समधल्या एका खेड्यातला आहे. तिथलं पीक होतं ग्रेनाश नावाचं द्राक्ष. आणि खटला लढवणारा माणूस त्या गावचा नव्हताच. तो होता गावचा जावई, वकिलीची पदवी घेतलेला, पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान उडवलेला.

त्याचं पूर्ण नाव पिएर ल रुआ द ब्वाझोमारिए. वाईनच्या दुनियेत त्याला सगळे बॅरन ल रुआ म्हणून ओळखतात.

गाव होतं शातोनफ-द्यू-पाप. अर्थ सरळ आहे, पोपचा नवा किल्ला. चौदाव्या शतकात जवळपास सत्तर वर्षं कॅथलिकांचे पोप रोमऐवजी फ्रान्सच्या अविन्यों शहरात राहत होते. त्यांच्यापैकी एकानं उन्हाळ्यात राहायला शहराच्या उत्तरेला टेकडीवर किल्ला बांधला. त्याच्या पायथ्याशी ऱ्होन नदीच्या काठची ही द्राक्षशेती.

नदीकाठ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कृष्णाकाठची काळीभोर जमीन आणि ऊस येतो. इथं तसं काही नाही. बऱ्याच शेतांत माती दिसतच नाही, नुसते पायाखाली घरंगळणारे गोल गोटे. दिवसभर ऊन पिऊन रात्री ते ऊब सोडत राहतात. वर मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा, कित्येक दिवस सलग वाहणारा. गहू-भाजीपाल्याला ही जमीन कुचकामी.

ग्रेनाशला मात्र ती मानवली. हे द्राक्ष मूळचं स्पेनचं, तिथं त्याला गार्नाचा म्हणतात. उन्हाचं वेड, पाणी कमी असलं तरी तग धरणारं. खोड इतकं दणकट की मांडव किंवा तारा लागत नाहीत, झुडपासारखं एकटं उभं राहतं आणि वाऱ्याला पुरून उरतं. आटपाडीच्या किंवा माणच्या माळावर उभं राहून बघितलं असेल, तर अशी जमीन कशी दिसते ते वेगळं सांगायला नको.

पण या वाईनचं दुखणं असं होतं की ती स्वतःच्या नावानं फारशी विकलीच जात नव्हती. ग्रेनाशमध्ये साखर भरपूर, त्यामुळं अल्कोहोल जास्त. उत्तरेकडं बर्गंडी हा नामांकित थंड प्रदेश आहे. तिथली वाईन एखाद्या वर्षी पातळ निघाली की तिथले व्यापारी दक्षिणेतून पिंपं मागवायचे आणि आपल्या वाईनमध्ये मिसळून तिला ताकद आणायचे. बाटलीवर नाव बर्गंडीचं. आपल्याकडचा कच्चा माल मोठ्या शहरात जाऊन दुसऱ्याच ब्रँडच्या पाकिटात भरला जातो, अगदी तसं.

त्यात १८६० च्या दशकात संकट आलं. फायलोक्सेरा नावाची किडी अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर फ्रान्समध्ये शिरली आणि वेलींची मुळं खाऊ लागली. तिचा पहिला प्रादुर्भाव १८६३ च्या सुमारास दिसला तो याच भागात, नदीच्या पलीकडच्या काठावर. बघता बघता फ्रान्सभरच्या बागा सरपण झाल्या. शेवटी उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिकडच्या रानवेलींची मुळं या किडीला दाद देत नव्हती, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा असं कलम करायची पद्धत आली. (आपल्या सांगलीतल्या बहुतेक बागा ज्या डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत, तोही मूळचा टेक्सासचा. आपल्याकडं त्याचं कारण किडीपेक्षा पाण्याची टंचाई आणि क्षार.)

बागा पुन्हा उभ्या राहीपर्यंत वीस-तीस वर्षं गेली. पिणारे काही थांबले नव्हते. मग वाईन आली कुठून?

तर बेदाण्यापासून! ग्रीस आणि तुर्कस्तानातून जहाजानं बेदाणा मागवायचा, तो पाण्यात भिजवायचा, आंबवायचा आणि वाईन म्हणून विकायचा. काही ठिकाणी तर द्राक्षाचा चोथा, साखर आणि पाणी एवढ्यावरच भागायचं. हा धंदा इतका वाढला, की वाईन म्हणजे ताज्या द्राक्षाची, हे सांगायला १८८९ मध्ये सरकारला कायदा करावा लागला. कायदा झाला तरी भेसळ थांबली नाही. नवीन बागांचं उत्पादन सुरू झालं, त्यात ही नकली वाईन, आणि भाव पडले. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्सचे शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ जूनला माँपेलिए शहरात पाच लाखांच्या आसपास माणूस जमला होता. नार्बोन शहरात लष्करानं गोळ्या घातल्या, माणसं मेली. त्याच महिन्याच्या शेवटी भेसळीविरुद्ध नवा कायदा आला.

पिएर तेव्हा सतरा वर्षांचा होता.

त्याचा जन्म १८९० चा. घराणं नॉर्मंडीतलं सरदारी, त्यामुळं नावापुढं बॅरन लागलेलं. म्हणजे आपल्याकडं जसं एखाद्याच्या नावामागं इनामदार किंवा सरंजामे असतं, साधारण तसं. त्यानं माँपेलिएत कायद्याचं शिक्षण घेतलं. वकिली जम धरायच्या आत १९१४ चं महायुद्ध सुरू झालं. युद्धात तो लढाऊ वैमानिक झाला. त्या काळची विमानं म्हणजे लाकूड आणि कापड, पॅराशूटही बहुतेकांना मिळायचं नाही. त्यातून जिवंत परतणं हीच मोठी गोष्ट होती.

युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, त्याचं लग्न झालं. बायको शातोनफ-द्यू-पापमधल्या शातो फोर्तिया या जुन्या द्राक्षमळ्याची वारस. नवरा मुलगा तिथंच राहायला गेला. थोडक्यात, घरजावई.

आपल्याकडं घरजावयाला गावात काय भाव असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. ल रुआचं उलटं झालं. एक तर तो कायदा शिकलेला, दुसरं म्हणजे गावातल्या कुठल्याच भावकीत नसलेला. १९२३ मध्ये गावातले काही बागायतदार त्याच्याकडं आले. आमच्या गावाच्या नावावर कुणीही काहीही विकतंय, तुम्ही पुढं व्हा आणि खटला लढा, अशी त्यांची मागणी होती.

तेव्हा १९१९ चा एक कायदा नवाच होता. एखाद्या गावाचं नाव वापरायचा हक्क कुणाला, हे कोर्टानं ठरवावं, असं तो सांगायचा. पण त्यात एक मोठी फट होती. तो बघायचा फक्त हद्द. तुमची बाग त्या हद्दीत असली की झालं, मग तुम्ही कुठलीही जात लावा, कितीही पाणी पाजून टनावर टन माल काढा, नाव तुमचंच.

ल रुआनं होकार दिला, पण आधी अट घातली. दुसऱ्यांना चोर म्हणण्याआधी तुम्ही स्वतःला नियम लावून घ्या. तुमची शिस्त कायद्याच्या पुढं असेल तरच मी येतो.

माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. विमान, पदवी, बॅरनपण नंतर. शेतकरी संघटना सरकारकडं मागण्या घेऊन जाते, हे आपण रोज बघतो. सभासदांनी आधी स्वतःच्या उत्पन्नावर कात्री लावून घ्यावी, असं सांगणारा पुढारी दुर्मिळ. आणि ते ऐकणारे सभासद त्याहून.

त्यांनी मिळून सहा नियम लिहिले. पहिला नियम जमिनीचा. जिथं लव्हेंडर आणि थाइम ही रानझुडपं आपोआप उगवतात, तीच जमीन चालेल. ऐकायला काव्यमय वाटतं, पण यात पक्कं गणित आहे. ही दोन्ही झुडपं कोरड्या, हलक्या, निचऱ्याच्या जमिनीवरच येतात. म्हणजे माती तपासायची प्रयोगशाळा हाताशी नसताना निसर्गानंच रिपोर्ट देऊन ठेवलेला. आपल्याकडचा म्हातारा शेतकरी रानातलं गवत बघून जमिनीचा कस सांगतो, त्यातलाच प्रकार. या नियमामुळं गावच्याच हद्दीतली नदीकाठची गाळाची सुपीक जमीन बाहेर गेली आणि शेजारच्या चार गावांतली माळाची जमीन आत आली. स्वतःच्या गावकऱ्यांची शेतं बाहेर काढायची म्हणजे किती शिव्या खाल्ल्या असतील, कल्पना करा.

दुसरा नियम जातींचा. ठराविक जातींचीच द्राक्षं चालणार, त्यात मुख्य ग्रेनाश. तिसरा नियम छाटणी आणि वेलीला वळण देण्याचा. चौथा, वाईनमध्ये किमान साडेबारा टक्के अल्कोहोल असलंच पाहिजे. पाचवा, तोडणीच्या वेळी निवड करून किमान पाच टक्के माल बाजूला काढायचाच, हंगाम कितीही चांगला असो. सहावा, या नावानं रोझे म्हणजे गुलाबी वाईन करायची नाही.

हे नियम असे का, ते समजायला ग्रेनाशची वाईन बनते कशी हे बघावं लागेल.

सांगलीचं खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खायचं द्राक्ष मोठ्या मण्याचं, बिनबियांचं, पातळ सालीचं हवं. वाईनचं द्राक्ष लहान मण्याचं, बिया असलेलं. कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा रसात नसतो, तो असतो सालीत आणि बियांत. मणी जेवढा लहान, तेवढी रसाच्या मानानं साल जास्त.

आता ग्रेनाशची गोम अशी की वाईनच्या द्राक्षांतही त्याची साल पातळ आहे. त्यात बागायतदारानं पाणी आणि खत देऊन मणी फुगवला, घड वाढवले, की वाईन लाल न राहता फिक्या सरबतासारखी होते. म्हणूनच हलकी जमीन, म्हणूनच आखूड छाटणी. पुढं कायद्यात उत्पादनाची मर्यादाच आली, हेक्टरी साधारण ३५०० लिटर. एकराच्या हिशेबात दोन टन द्राक्षं. आपल्याकडं खायच्या द्राक्षाला एकरी दहा टनांवर माल काढणारे बागायतदार आहेत, त्यांनी हा आकडा ऐकला तर ते हसतील. दुसरं म्हणजे ग्रेनाशचा फुलोरा फार नाजूक. फुलोऱ्यात गार हवा किंवा पाऊस लागला की गळ होते आणि घड विरळ राहतात. आपल्याकडं ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की बागायतदाराची जी झोप उडते, तीच तिकडं मे-जूनमध्ये.

साडेबारा टक्क्यांचा नियमही गंमतीशीर आहे. लिटरभर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे साडेबारा टक्के हवं असेल तर लिटरमागं २१० ग्रॅमच्या पुढं साखर पाहिजे. ती यायची तर द्राक्ष वेलीवर पूर्ण पिकावं लागतं, पावसाच्या भीतीनं घाईत तोडून चालत नाही. बेदाण्यासाठी माल ठेवणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. खायचं द्राक्ष १६-१८ ब्रिक्सला तोडतात, पण बेदाण्याला २२ च्या पुढं गोडी लागते, नाहीतर वजन आणि रंग दोन्ही जातं. शिवाय बाहेरून साखर ओतून अल्कोहोल वाढवायची पळवाट शातोनफमध्ये बंद होती. जे काही येईल ते वेलीवरूनच.

सप्टेंबरात तोडणी होते, आजही हातानंच, यंत्राला बंदी आहे. तिथंच खराब, कच्चे, कुजके घड बाजूला काढतात. मग मणी फोडून साल-बियांसकट टाकीत भरतात. यीस्ट साखर खाऊ लागतं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, टाकी गरम होते. वायूच्या जोरानं साली वर येऊन जाड थर धरतात. तो थर खाली दाबत राहायचा, किंवा खालचा रस पंपानं काढून त्याच्यावर सोडायचा, तेव्हा कुठं सालीतला रंग रसात उतरतो. दोन-तीन आठवड्यांनी रस काढून घेतात आणि राहिलेला चोथा दाबतात.

मुरवताना पुन्हा ग्रेनाशचे नखरे सुरू. तिला हवा सोसत नाही. कापलेलं सफरचंद जसं काळं पडतं तशी ही वाईन हवेनं लवकर विटकरी होते आणि तिचा ताजेपणा जातो. नवीन लाकडाच्या लहान पिंपांत हवेचा संपर्क जास्त, म्हणून इथले लोक बहुतेक करून काँक्रीटच्या टाक्या नाहीतर हजारो लिटरची जुनी लाकडी पिंपं वापरतात. आणि रंग, तुरटपणा कमी पडू नये म्हणून तिला जोड देतात शिराझची, मूरव्हेद्रची. ल रुआच्या गावात तेरा जातींना परवानगी मिळाली, पण लागवडीत ग्रेनाशच सत्तर टक्क्यांच्या आसपास.

चव कशी? शिराझ आणि कॅबरनेची सवय असलेल्याला पहिल्या घोटात ग्रेनाश हलकी वाटते. रंग काळपट जांभळा नाही, माणकासारखा लाल. तुरटपणा बेताचा, आंबटपणाही बेताचा. वास येतो तो चक्क पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा आणि रासबेरीचा, मग मागून पांढऱ्या मिरीचा तिखटपणा आणि वाळलेल्या रानझुडपांचा सुगंध. घशाखाली उतरताना मात्र ऊब लागते. चौदा-पंधरा टक्के अल्कोहोल आहे, हे तेव्हा कळतं. जुनी झाली की स्ट्रॉबेरी जाऊन सुकं अंजीर आणि चामड्याचा वास येतो. त्यामुळं ग्रेनाशची फसवणूक सोपी होती. गोड फळाचा वास आणि भरपूर अल्कोहोल कुठल्याही गाळाच्या जमिनीतल्या ग्रेनाशमध्ये मिळतं. त्या गोट्यांच्या रानातली खोली मिळत नाही, आणि बाटलीवरून ती ओळखणार कशी?

ती ओळखायची सोय कोर्टात झाली. खटला जवळपास दहा वर्षं चालला. व्यापारी विरोधात, हद्दीबाहेर गेलेले शेतकरी विरोधात. मधल्या काळात १९२७ मध्ये कायदा थोडा बदलला आणि जमीन आणि द्राक्षाची जात या गोष्टीही विचारात घ्यायची वाट मोकळी झाली. तो बदल घडवणारे जोसेफ कापुस हे शेतीचे प्राध्यापक, नंतर राजकारणात जाऊन कृषिमंत्री झालेले. १९३३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च पातळीवरच्या कोर्टानं शातोनफच्या बाजूनं निकाल दिला. लव्हेंडर-थाइमच्या हद्दीवर शिक्कामोर्तब झालं.

पण प्रत्येक गावानं दहा-दहा वर्षं कोर्टात घालवायची का? कापुस आणि ल रुआ एकत्र आले आणि त्यातून १९३५ मध्ये एक राष्ट्रीय समिती उभी राहिली. गावाचं नाव, हद्द, द्राक्षाची जात, उत्पादनाची मर्यादा, वाईन करायची पद्धत हे सगळं आता समिती ठरवणार आणि सरकार त्याला कायद्याचं बळ देणार. या पद्धतीला एओसी म्हणतात. १५ मे १९३६ ला पहिल्या काही नावांची घोषणा झाली, त्यात शातोनफ-द्यू-पाप होतं. त्या गावचे सहा नियम एका अर्थानं देशाचे नियम झाले. (गावाच्या नावाची हद्द आखायचा प्रकार जगात नवा नव्हता. पोर्तुगालमध्ये डोरो खोऱ्याची हद्द १७५६ मध्येच आखली होती. पण हद्दीबरोबर पद्धतही बांधून घ्यायची, आणि तीही शेतकऱ्यांच्या स्वतःच्या संघटनेनं, हे या लोकांचं.)

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, गावानं स्वतःची बाटली काढली. काचेवरच पोपचा मुकुट आणि किल्ल्या उमटवलेली, म्हणजे लेबल बदलून बनवाबनवी करायची सोय उरली नाही. ल रुआ तोवर फक्त एका गावाचा राहिला नव्हता. ऱ्होन खोऱ्यातल्या बागायतदारांची संघटना त्यानं १९२९ मध्येच उभी केली होती आणि कोत द्यू ऱ्होन या मोठ्या पट्ट्यालाही १९३७ मध्ये एओसी मिळालं. १९४७ मध्ये राष्ट्रीय समितीचं संस्थेत रूपांतर झालं तेव्हा तो तिचा अध्यक्ष झाला आणि मरेपर्यंत राहिला. वीस वर्षं. वाईनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचंही अध्यक्षपद त्याच्याकडं आलं.

जाता जाता एक किस्सा. १९५४ मध्ये फ्रान्सभर उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्या येत होत्या. तेव्हा शातोनफ-द्यू-पापच्या महापौरांनी रीतसर आदेश काढला, की गावच्या हद्दीवरून उडत्या तबकडीनं उडायचं नाही आणि उतरली तर जप्त होईल. प्रसिद्धी मिळावी म्हणून केलेला हा गावरान चावटपणा, तो कमालीचा यशस्वी झाला. आपल्या गावची हद्द कुठंवर, यावर दहा वर्षं कोर्टात भांडलेल्या गावानं आकाशाचीही हद्द आखून घेतली. गावात राहणाऱ्या त्या जुन्या वैमानिकाला यावर काय वाटलं असेल!

१९६७ मध्ये ल रुआ वारला. शातो फोर्तिया आजही सुरू आहे. ऱ्होन खोऱ्यातल्या सेंत-सेसिल या गावात त्याचा पुतळा आहे.

आता यात आपला संबंध कुठं?

फ्रान्सचं हे मॉडेल युरोपभर गेलं आणि १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा तिच्या ट्रिप्स करारात शिरलं. त्या करारानं सगळ्या सदस्य देशांना सांगितलं, की मालाच्या मुळाशी जोडलेल्या गावाच्या नावाला संरक्षण द्या. करारात वाईन आणि दारूला जादा संरक्षण आहे, बाकीच्या मालाला कमी. म्हणजे शातोनफ-द्यू-पापच्या धर्तीची वाईन असंही कुणी लिहू शकत नाही, पण इतर मालाला नियम ढिले. हा भेदभाव काढा, ही भारताची जुनी मागणी आहे. त्यात युरोपचा बासमतीवर किंवा दार्जिलिंग चहावर डोळा नाही, तर चीज-हॅम आपलं वाचवायचं आहे, त्यामुळं या मागणीत दोघं एकाच बाजूला दिसतात. राजकारण असंच असतं.

भारतानं १९९९ मध्ये भौगोलिक निर्देशांकाचा म्हणजे जीआयचा कायदा केला आणि २००३ मध्ये तो लागू झाला. पहिला मान दार्जिलिंग चहाला. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये जीआय मिळालं. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये.

नाव मिळालं, पण ल रुआच्या सहा नियमांतला दुसऱ्यावर दावा करायचा भाग आपल्याकडं आला आणि स्वतःला बांधून घ्यायचा भाग बराचसा कागदावर राहिला, असं मला वाटतं. गावाला जीआय मिळालं म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला आपोआप ते नाव वापरता येत नाही. त्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करायची असते, आणि दहा वर्षांनी नूतनीकरण. बेदाण्याच्या किती शेडवाल्यांना हे माहीत आहे, सौद्यात एकदा विचारून बघा.

वाईनचं म्हणाल तर महाराष्ट्रानं २००१ मध्ये धोरण आणलं आणि दोन वाईन पार्क ठरवले, एक नाशिकजवळ विंचूरला आणि एक सांगलीत पलूसला. विंचूरचं नाव झालं, पलूसचं तेवढं नाही. नाशिक व्हॅली वाईन या नावाला जीआय आहे, कृष्णाकाठच्या वाईनला अशी ओळख बाजारात नाही. आपल्याकडं लाल वाईन मुख्यतः शिराझ आणि कॅबरनेची, ग्रेनाश फार थोडी. नाशिकच्या सुला कंपनीनं ग्रेनाश बाजारात आणली, तीही रोझे करून. बॅरन साहेबांच्या गावात तिला आजही परवानगी नाही.

पुण्यातला तो बॉक्स मी घरी आल्यावर परत नीट बघितला. चारही बाजूंनी महाबळेश्वर लिहिलं होतं. जीआयचा शिक्का कुठंच नव्हता, आणि फळ कुठल्या शेतातलं तेही नाही.